मुंबईची विजेवरील वाहतूक आणि प्रगतीचे मोजमाप

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शहरातील स्वच्छ ऊर्जेचे आणि विजेवरील वाहतुकीचे जे प्रकल्प हाती घेतले जातात, त्यांच्या प्रगतीचा मागोवा कसा घ्यावा, या विषयावर बोलण्यास मला सांगण्यात आले आहे. विषय ऐकून "आम्ही तालुक्याच्या गावची माणसे, मुंबईच्या बसगाड्यांशी आमचा काय संबंध?" असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. संबंध आहे, आणि व्याख्यानाच्या अखेरच्या भागात मी त्याकडे वळणार आहे. तत्पूर्वी मुंबईचे उदाहरण घेण्याचे कारण एवढेच, की विजेवर वाहने चालविण्याचा दीर्घ अनुभव या देशात ज्या थोड्या शहरांच्या गाठीशी आहे त्यांत मुंबईची गणना होते. आणि संकल्प व सिद्धी यांमधील अंतर किती असू शकते, हेही तेथे स्पष्टपणे पाहावयास मिळते.

विजेवरील वाहतूक ही मुंबईला नवलाई नव्हे. ९ मे १८७४ रोजी त्या शहरात घोड्यांनी ओढावयाची ट्राम सुरू झाली आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम रस्त्यावर आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेची आगगाडी धावली, ती हिंदुस्थानातील पहिली. स्वच्छ ऊर्जेच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. लोणावळ्याच्या परिसरात अडविलेले पाणी घाटाखाली सोडून खोपोली येथे १९१५ साली वीज निर्माण होऊ लागली, आणि त्या विजेने मुंबईच्या कापड गिरण्यांची चाके फिरविली. पुढे भिवपुरी आणि भिरा येथील केंद्रे उभी राहिली. कोळशाचा कणही न जाळता सह्याद्रीच्या पावसावर गिरण्या चालविण्याची ही कल्पना शंभर वर्षांपूर्वीची आहे, याचे आज आपल्याला विस्मरण होते.

पुढचा भाग तितकाच बोलका आहे. ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईची ट्राम बंद झाली. वरच्या तारेतून वीज घेऊन रबरी चाकांवर चालणारी ट्रॉलीबस १९६२ मध्ये सुरू झाली होती, तीही १९७१ मध्ये थांबली. रेल्वे विजेवर राहिली, रस्त्यावरील सार्वजनिक वाहतूक मात्र संपूर्णपणे तेलाकडे गेली, आणि पुढे तिला नैसर्गिक वायूची जोड मिळाली. एखादी चांगली योजना एकदा सुरू झाली म्हणजे ती टिकतेच, असा समज करून घेण्यास या इतिहासात आधार सापडत नाही. म्हणून उद्घाटनानंतरच्या वर्षांचा हिशेब ठेवणे अगत्याचे ठरते.

आता वर्तमानाकडे येऊ. २०१७ च्या अखेरीस बेस्ट उपक्रमाच्या ताफ्यात विजेवरील मोजक्या बसगाड्या आल्या. ४ डिसेंबर २०२० रोजी ३४० बसगाड्यांच्या करारापैकी पहिल्या २६ गाड्या रस्त्यावर आल्या. राज्य शासनाने जुलै २०२१ मध्ये विद्युत वाहन धोरण जाहीर केले. मार्च २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेने वातावरण कृती आराखडा प्रसिद्ध करून २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे, आणि त्या वाटेवर २०३० पर्यंत ३० टक्के व २०४० पर्यंत ४४ टक्के घट करण्याचे उद्दिष्ट समोर ठेवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेवर चालणारी वातानुकूलित दुमजली बस प्रवाशांच्या सेवेत दाखल झाली. २०२७ पर्यंत सर्व ताफा विजेवर आणण्याचा मनोदयही बेस्टने व्यक्त केला. ही वाटचाल निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु ती मोजावयाची कशाने?

शासकीय पत्रव्यवहारात बसगाडीची चार रूपे आढळतात: मंजूर झालेली, मागविलेली, दाखल झालेली आणि धावणारी. वृत्तपत्रात किंवा अहवालात "इतक्या बसगाड्या" असा उल्लेख आला की ती यांपैकी कोणती, हे प्रथम विचारावे. ही काटेकोर वृत्ती कुणाला किरकिरेपणाची वाटेल; पण उदाहरण पाहा. २०२२ च्या जानेवारीत ९०० दुमजली विद्युत बसगाड्या घेण्यास मंजुरी मिळाली. तो आकडा सर्वत्र छापून आला आणि आजही जुन्या लेखांत तो तसाच भेटतो. २०२५ पर्यंत प्रत्यक्ष रस्त्यावर आलेल्या दुमजली विद्युत बसगाड्यांची संख्या पन्नासच्या घरात होती. दोन्ही आकडे खरे आहेत. फक्त पहिला कागदावरचा आहे आणि दुसऱ्यात माणसे बसतात.

दुसरे उदाहरण एकमजली बसगाड्यांचे. १,४०० गाड्यांसाठी निविदा निघाली, तीत निम्म्याने वाढ करण्याची मुभा होती, म्हणून मे २०२२ मध्ये २,१०० गाड्यांचे काम देण्यात आले. गाड्या बारा महिन्यांत मिळतील अशी अपेक्षा त्या वेळी व्यक्त झाली होती. दरम्यान प्रकरण न्यायालयात गेले. वादाचे मूळ मोठे उद्बोधक आहे. बॅटरी एकदा भारित केली असता वातानुकूलन चालू ठेवून, मध्ये न थांबता, बसने दोनशे किलोमीटरचा पल्ला गाठावा, अशी निविदेची अट होती. ती अट कुणी पाळली आणि कुणी पाळली नाही, यावरून उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात लढत झाली. १९ मे २०२३ रोजी अंतिम निकाल लागून मूळ काम कायम राहिले. तरीही काम दिल्यापासून तीन वर्षे उलटल्यावर २,१०० हा आकडा पुरा झालेला नव्हता. निविदेतील एका तांत्रिक वाक्याने वर्ष खाल्ले, हे अभियंत्यांइतकेच लेखा शाखेच्या मंडळींनीही ध्यानात ठेवावे. पल्ला, चार्जिंगची वेळ, आगारातील चार्जरची संख्या या गोष्टी निविदा लिहितानाच निश्चित व्हाव्या लागतात.

टक्केवारीचा मोह हा याहून फसवा आहे. एखाद्या उपक्रमाकडे शंभर बसगाड्या आहेत आणि त्यांतील दहा विजेवरच्या आहेत असे समजा. विजेचा वाटा झाला दहा टक्के. वर्षभरात चाळीस जुन्या डिझेल गाड्या मोडीत निघाल्या आणि त्यांच्या जागी एकही नवी गाडी आली नाही. राहिल्या साठ, त्यांत विजेच्या दहाच. आता विजेचा वाटा जवळजवळ सतरा टक्के! अहवालात आलेख वर चढतो आणि थांब्यावर रांग वाढते. हे कल्पित उदाहरण मुंबईच्या वस्तुस्थितीपासून फार दूर नाही. एकेकाळी चार हजारांहून अधिक बसगाड्या बाळगणाऱ्या बेस्टचा ताफा अलीकडच्या वर्षांत तीन हजारांच्या खाली आला, कारण जुन्या गाड्या वयोमानानुसार बाद होत गेल्या, नव्या वेळेवर आल्या नाहीत आणि भाडेतत्त्वावर गाड्या पुरविणाऱ्या काही कंत्राटदारांनी मध्येच काम सोडले. ज्या प्रवाशाला वीस मिनिटे थांबूनही बस मिळत नाही तो रिक्षा करतो किंवा दुचाकी विकत घेतो, आणि त्या दुचाकीचा धूर बसच्या हिशेबात कुठेच येत नाही. यासाठी टक्केवारीशेजारी एकूण गाड्यांची संख्या, दिवसभरात धावलेले किलोमीटर आणि नेलेले प्रवासी हे तीन आकडे छापले गेलेच पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे आकडे मिळवावयाचे कोठून, असा प्रश्न येईल. त्यासाठी नवी समिती नेमण्याची गरज नाही. विजेवरील बहुतेक बसगाड्या आता भाडेतत्त्वावर घेतल्या जातात. गाडी कंत्राटदाराची, चालक त्याचा, दुरुस्ती त्याची. उपक्रम त्याला धावलेल्या किलोमीटरमागे ठरावीक दराने पैसे देतो आणि तिकिटाचे उत्पन्न स्वतःकडे ठेवतो. म्हणजेच कोणती गाडी किती धावली याची नोंद महिन्याच्या देयकात आपोआप येते. प्रगतीचा विश्वासार्ह अहवाल लेखा शाखेच्या कपाटात आधीच तयार असतो, तो फक्त बाहेर काढावयाचा असतो. आम्हा प्रसिद्धीचे काम करणाऱ्यांना फीत कापल्याचे छायाचित्र सहज मिळते. देयकाचे छायाचित्र कुणी मागत नाही. तथापि सहा महिन्यांनी उपयोगी पडते ते देयकच.

या संदर्भात चीनचा एक अनुभव सांगण्यासारखा आहे. तेथील शेन्झेन शहराने २०१७ च्या अखेरीस आपल्या सोळा हजारांहून अधिक बसगाड्या विजेवर आणल्या, आणि जगभरचे अभ्यासक ते पाहावयास जाऊ लागले. त्याच्या आदल्या वर्षी, २०१६ मध्ये, त्या देशाच्या अर्थ मंत्रालयाने अनुदान लाटणाऱ्या पाच बस कारखान्यांची नावे जाहीर केली होती. ज्या गाड्या तयारच झाल्या नव्हत्या त्यांची नोंदणी दाखवून अनुदान उचलल्याचेही त्या तपासात निष्पन्न झाले. त्या पाचांपैकी एक कारखाना शेन्झेनमधीलच होता. त्यानंतर शासनाने नियम बदलला: गाडीने तीस हजार किलोमीटरचा प्रवास पुरा केल्याखेरीज अनुदान मिळणार नाही. पुढे ही मर्यादा वीस हजारांवर आणण्यात आली, पण तत्त्व कायम राहिले. विक्रीच्या कागदाऐवजी चाकांच्या फेऱ्या मोजण्यात आल्या. आपल्याकडील किलोमीटरवारी देयकाच्या पद्धतीत ही सोय अंगभूतच आहे, हे आपले भाग्य म्हणावे लागेल.

आता विषयाच्या अधिक अवघड अंगाकडे वळतो. बस विजेवर चालली म्हणजे ती स्वच्छ झाली का? थोडे गणित करू. शिक्षक बंधूंना हे वर्गातही करून घेता येईल. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डाय-ऑक्साइड वायू बाहेर पडतो. शहरातील मोठी बस लिटरला तीन किलोमीटर गेली, असे धरले तर किलोमीटरमागे ०.९ किलो. विजेवरील मोठी वातानुकूलित बस किलोमीटरला साधारण सव्वा युनिट वीज घेते. देशाच्या वीजजाळ्यातील सरासरी युनिटमागे सुमारे ०.७ किलो वायू बाहेर पडतो. म्हणजे किलोमीटरमागे जवळजवळ ०.९ किलो. दोन्ही पारडी समान! वातानुकूलित डिझेल बस लिटरला तीन किलोमीटरही जात नाही, त्यामुळे तिच्याशी तुलना केल्यास विद्युत बस सरस ठरते. तरी फरक अपेक्षेइतका मोठा नाही. मात्र हीच वीज निम्मी सूर्याची, वाऱ्याची वा पाण्याची असेल तर किलोमीटरमागचा आकडा ०.४५ च्या आसपास येतो. बसगाडीत एक खिळाही न बदलता तिचे उत्सर्जन निम्मे होते.

हे गणित ऐकून विद्युत बस निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष मात्र काढू नये. थांब्यावर उभ्या असलेल्या शाळकरी मुलाच्या नाकातोंडात जाणारा धूर थांबतो, गाडीचा खडखडाट कमी होतो, आणि हा लाभ पहिल्या दिवसापासून मिळतो. हवेत साठणाऱ्या कार्बनचा हिशेब वेगळा आहे, आणि तो आगाराच्या मीटरमागून येणाऱ्या विजेवर अवलंबून आहे. महानगरपालिकेच्या आराखड्यासाठी २०१९ सालच्या उत्सर्जनाची जी गणना झाली, तीत शहराचे एकूण उत्सर्जन सुमारे २.३४ कोटी टन भरले. त्यातील सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा ऊर्जेच्या वापराचा, म्हणजे मुख्यतः विजेचा होता. वाहतुकीचा वाटा त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून विजेवरील वाहतूक आणि स्वच्छ ऊर्जा यांचे दोन स्वतंत्र अहवाल काढणे मला पटत नाही. पहिल्याचे यश दुसऱ्यावर अवलंबून आहे.

मुंबईच्या विजेची गोष्ट ट्रॉम्बे आणि डहाणू येथील कोळशाच्या केंद्रांना वगळून सांगता येत नाही. बाहेरून स्वच्छ वीज आणावयाची तर शहरात शिरणाऱ्या वाहिन्यांची क्षमता मर्यादित. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई आणि परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला, लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या, तेव्हा ही उणीव सर्वांच्या लक्षात आली. अनेक वर्षे रेंगाळलेली खारघर ते विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये कार्यान्वित झाली आणि शहरात सुमारे १,००० मेगावॉट अधिक वीज आणण्याची वाट मोकळी झाली. खाडी, डोंगर आणि दाट वस्ती यांतून मनोरे उभारण्याचे हे काम किती जणांना ठाऊक आहे? नव्या बसला फुलांच्या माळा घातल्या जातात, मनोऱ्याला कुणी घालत नाही. पण पन्नास बसगाड्यांपेक्षा या एका वाहिनीने शहराच्या स्वच्छ ऊर्जेसाठी अधिक केले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

माणसांचा विचार केल्याविना हा मागोवा अपुरा राहील. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ला येथे विजेवरील एक बस अनियंत्रित होऊन गर्दीत घुसली आणि अनेक जीव गेले. प्रकरण न्यायालयासमोर असल्याने दोष कुणाचा, यावर मी बोलणार नाही. परंतु त्या घटनेने चालकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला. विद्युत बसला क्लच नाही, गिअर बदलावयाचा नाही. पायाखालच्या दाबाला ती तत्काळ प्रतिसाद देते. वर्षानुवर्षे डिझेल गाडी चालविलेल्या माणसाचे पाय वेगळ्या सवयीचे असतात. प्रगतीच्या अहवालात गाड्या व चार्जर यांचे रकाने असतात. किती चालकांना, किती तासांचे, कोणत्या गाडीवर प्रशिक्षण दिले, हा रकाना मात्र क्वचितच दिसतो. तो सर्वांत वर असावा.

आता आपल्या गावाकडे येऊ. शहरात बसगाडीचे जे झाले तेच ग्रामपंचायतीच्या छतावरील सौर संचाचे, शाळेच्या सौर दिव्यांचे आणि शेतातील सौर पंपाचे होऊ शकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने घरांच्या छतांवर सौर संच बसविण्याची मोठी योजना सुरू केली, त्यामुळे हा विषय आता प्रत्येक गावाच्या दारात आला आहे. येथेही मंजूर, बसविलेला, जोडलेला आणि वीज देणारा असे चार टप्पे आहेत. संच बसला, पण वीज कंपनीने दुतर्फी मीटर दिला नाही, म्हणून महिनोन्महिने तो नुसता उन्हात तापत पडला, असे घडू शकते. आणि कागदावर मात्र ते काम "पूर्ण" असते.

याची तपासणी करणे कठीण नाही. आपल्या भागात एक किलोवॉटचा संच निरभ्र दिवशी साधारणपणे चार युनिट वीज देतो, पावसाळ्यात बरीच कमी. म्हणजे पंचायतीच्या कार्यालयावर तीन किलोवॉटचा संच असेल तर हिवाळा-उन्हाळ्यात दिवसाला बारा युनिटांच्या आसपास, महिन्याला साडेतीनशेच्या जवळ वीज मिळावयास हवी. ती दोनशेवर आली असेल तर पत्र्यांवर धूळ साचली आहे, शेजारच्या झाडाची सावली वाढली आहे किंवा यंत्रात बिघाड आहे. शिडी लावून ओल्या फडक्याने पुसण्याचे काम शिपायाकडे नेमून दिले आहे की नाही, हे विचारण्यासाठी अभियंता लागत नाही. शाळेत संच असेल तर मीटरवरील आकडा रोज फळ्यावर लिहिण्याचे काम सातवीच्या मुलांकडे द्यावे. सरासरी, टक्केवारी, आलेख हे सारे गणित त्यांना त्यातून शिकता येते, आणि संच बंद पडला की पहिली बोंब तीच मुले ठोकतात.

पंचायत सदस्यांना माझी सूचना अशी. संच बसविण्यापूर्वीची बारा महिन्यांची वीजबिले एका कागदावर उतरून घ्यावीत, संच बसल्यानंतरची बारा महिन्यांची त्यांच्या शेजारी लिहावीत, आणि तो कागद ग्रामसभेच्या वेळी भिंतीवर लावावा. गावात विजेवरील रिक्षा किंवा चार्जिंगची सोय आली असेल तर तिच्या स्वतंत्र मीटरचे बिलही त्याच कागदावर येऊ द्यावे. पाणीपुरवठ्याच्या पंपाचे बिल सर्वांत मोठे असते, म्हणून सुरुवात तेथून केलेली बरी. ग्रामपंचायतीकडे जुनी बिले नसल्यास ग्राहक क्रमांक देऊन ती वीज कंपनीच्या कार्यालयातून मागता येतात.

आपले काही प्रश्न असल्यास ते आता विचारावेत.